चार जीबीच्या आत

१६ जानेवारी, लातूर

तनुजाचा पेपर गेला. पूर्वपरीक्षेचा, इतिहासाचा. पूर्ण तीन तासांचा. फाइल आहे, फाइलीला नाव आहे, आत काही नाही. शून्य.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी चूक, बेटा. माझी चूक." ती हात कीबोर्डवर तसेच ठेवून बसली. कॉलेजातून पर्यवेक्षक म्हणून आलेल्या बाईंनी दोन मिनिटं वाट पाहिली, मग तिच्या नावाच्या पाकिटात कोरा कागद घालून पाकीट चिकटवलं.

घरी आले. अब्बांनी चहा टाकला. प्यायले की नाही, आठवत नाही.

१७ जानेवारी

नीट लिहून काढते. नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहील.

वसतिगृहात बारावीची नऊ मुलं. कुणालाच दिसत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला एक पेनड्राइव्ह. तो कुठल्याही संगणकाला लावायचा, संगणक चालू करायचा — की आमचं लिनक्स सुरू होतं आणि मराठीत बोलायला लागतं. टाइप केलेलं बोलतं, उघडलेलं वाचून दाखवतं. त्या संगणकात आधी काय आहे, हार्डडिस्क आहे की नाही, ह्याच्याशी देणंघेणं नाही. पोरांचा सगळा संगणक त्यांच्या गळ्यात.

हे आनंदराज सरांनी केलेलं. ते स्वतः अंध. आधी इथं शिकवायचे, आता नांदेडला एका बँकेत टेलिफोनवर आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या जागी मी आले. मला दिसतं, पण त्यांना येतं त्याच्या पाव हिश्शाचंही मला येत नाही.

बोर्डाचे पेपर लेखनिकाशिवाय, स्वतःच्या पेनड्राइव्हवर लिहायची परवानगी ह्या वर्षी पहिल्यांदा मिळाली. आठ महिने खेटे घातले मी त्यासाठी. अर्जात तनुजाचंच उदाहरण दिलं होतं. दहावीला तिला लेखनिक म्हणून नववीतला मुलगा दिला होता. ती उत्तर सांगायची आणि तो प्रत्येक ओळीला विचारायचा, ताई, ह्यातला श कुठला? दोन प्रश्न लिहायचे राहून गेले. हे सगळं मी अर्जात लिहिलं. पेपरात बातमी आली, तनुजाचा फोटो आला.

आता बिघाड. पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा असतो. आपली इमेज — म्हणजे एका फाइलीत बांधलेलं ते आख्खं लिनक्स — पावणेचार जीबीची. ती पेनड्राइव्हवर उतरवली की बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह पावणेचार जीबीचा होऊन बसतो. त्यात पोरांच्या स्वतःच्या फाइलींना उरते जेमतेम तीनशे एमबी. बाकीचे अठ्ठावीस जीबी असतात, पण तिथं काही ठेवता येत नाही. तनुजाचे तीनशे एमबी रेकॉर्ड केलेल्या धड्यांनीच भरले होते. भरल्यावर सेव्ह होत नाही. लिहिलेलं नुसतं संगणकाच्या तात्पुरत्या आठवणीत राहतं, आणि बंद करून चालू केला की जातं.

एवढंच झालं. लिहायला सोपं आहे.

१८ जानेवारी

काल एक गोष्ट लिहिली नाही.

जागा संपत आली की ते यंत्र सांगायचं. सरांनी तशी सोय केली होती. दर दहा मिनिटांनी, "जागा भरत आली आहे." डिसेंबरात मुलं वैतागली. मन्मथ म्हणाला, "मॅडम, हे सारखं मधीच बोलून राहिलंय, धडा ऐकू देत न्हाई." मी ती एक ओळ बंद करून टाकली. नऊही पेनड्राइव्हवर. सवडीनं जागा वाढवून देऊ, असं म्हणाले. सवड झाली नाही.

हे अजून कुणाला माहीत नाही.

२० जानेवारी

हणमंतराव सरांनी बोलावलं. बावीस वर्षं वसतिगृहाचे अधीक्षक. माणूस वाईट नाही. मुलांच्या ताटात कधी कमी पडू दिलं नाही त्यांनी.

"अर्ज तुमचा, परवानगी तुम्ही आणली, नुकसान पोरीचं. मी वर काय सांगू, नाजिया मॅडम?"

मी म्हणाले, दुरुस्त करते.

"पाच फेब्रुवारीला संस्थेची माणसं येणार. त्यांच्यासमोर चालवून दाखवा. न्हाई चाललं तर नऊच्या नऊ जणांना लेखनिक. आणि झाल्या प्रकाराचा लेखी खुलासा."

अकराला बोर्डाचा पहिला पेपर.

बाहेर तनुजाचे वडील, दयानंदराव, तिची बॅग घेऊन उभे होते. घरी घेऊन निघाले होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "चार दिवस झाले, पोरगी रडली न्हाई. त्याचंच भ्या वाटून राहिलंय." तनुजा त्यांच्या मागं, बापाच्या शर्टाचं टोक धरून. मी हाक मारली तर तिनं मान दुसरीकडं वळवली.

२१ जानेवारी

सरळ उपाय — इमेजच मोठी करायची. आतच मोकळी जागा ठेवायची. करून पाहिलं. आठ जीबीची झाली.

चालणार नाही. माणिकप्पा निलंग्याला गेलाय अभ्यासाच्या सुट्टीत, शिल्पा बिलोलीला, तनुजा आता चाकूरकडं. त्यांना फाइल फोनवरच पाठवावी लागणार. घरचं कुणीतरी ती मेमरी कार्डात घेऊन गावातल्या मोबाइलच्या दुकानात पेनड्राइव्हवर उतरवून घेणार. आणि त्या कार्डात चार जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही. कार्ड चौसष्ट जीबीचं असलं तरी नाही.

शिवाय कुणाचा पेनड्राइव्ह सोळाचा, कुणाचा बत्तीसचा.

म्हणजे असं पाहिजे — इमेज चार जीबीच्या आतच राहायची, आणि पेनड्राइव्हवर गेल्यावर जेवढी जागा मिळेल तेवढी तिची तिनं पसरायची. कुणी मदतीला नसताना. दिसत नसलेल्या मुलाच्या हातात.

हे कसं करतात मला माहीत नाही.

२३ जानेवारी

जमलं वाटलं. नाही जमलं.

पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला नुसता जोडून, बाहेरून आज्ञा दिल्या की जागा वाढते. अठ्ठावीस जीबी, व्यवस्थित. पण त्याच पेनड्राइव्हनं स्वतः सुरू होऊन स्वतःला वाढवायचं म्हटलं, की नकार. जागा वापरात आहे म्हणतो. आपण बसलोय तीच सतरंजी ओढायला सांगतेय मी त्याला.

आणि बाहेरून वाढवून द्यायला मी निलंग्यात नाही, बिलोलीत नाही.

२५ जानेवारी

मन्मथचा पेनड्राइव्ह घालवला.

तपासायला त्यानं आपणहून दिला होता. पेनड्राइव्हवरचा फाइली ठेवायचा कप्पा वाढवताना सुरुवातीचा आकडा चुकला. वर्षभराचे रेकॉर्ड केलेले धडे, त्याच्या कविता, सगळं गेलं. आधी प्रत काढून ठेवायची, हे मी मुलांना शिकवते. मी!

त्याला सांगितलं तेव्हा रिकामा पेनड्राइव्ह त्यानं पुन्हा गळ्यात अडकवला. मग म्हणाला, "असू द्या मॅडम. धडे मला पाठच हायेत."

कवितांचं काही बोलला नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

२६ जानेवारी

झेंडा. भाषण. मी तीन वेळा चुकले म्हणून मुलं हसली. बरं वाटलं, कुणीतरी हसलं म्हणून.

२८ जानेवारी

काहीच होत नाही. सकाळी आठपासून संगणक कक्षात. अकरा वेळा इमेज बांधली, अकरा वेळा उतरवली. नवव्यांदा नुसता काळा पडदा, आवाजच नाही. हातातून पेनड्राइव्ह खाली पडला तर उचलावासा वाटेना. फरशीवर बसून राहिले. शिपाईमामा दार उघडून बघून गेले.

हणमंतरावांनी लेखनिकांची यादी मागवलीय. मला विचारूनच. "तयारीत असलेलं बरं," म्हणाले. त्यांचं काय चुकतंय?

अब्बा आयुष्यभर शिलाई मशिनी दुरुस्त करत आले. त्यांना संगणकातलं कळत नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "जिसने बनाया उसको पूछ, बेटा. इतनी सी बात है."

इतनी सी नाही. आनंदराज सरांना विचारायचं म्हणजे आधी त्यांना सांगावं लागेल — तुमच्या यंत्राचं तोंड मी बंद केलं.

२९ जानेवारी

फोन केला. सर म्हणाले, "उद्या सुट्टी टाकतो. या." का, काय, विचारलं नाही.

३० जानेवारी, नांदेड

सकाळच्या बसनं निघाले. चाकूरला गाडी दहा मिनिटं थांबली. इथून तनुजाचं गाव आठ किलोमीटर. उतरावं असं वाटलं. काय तोंड घेऊन उतरायचं? खिडकीशी बसून राहिले. अहमदपूर, लोहा, मग नांदेड.

सर स्टँडवर घ्यायला आले होते. मी हाक मारायच्या आधीच म्हणाले, "लातूर गाडी पाच मिनिटं उशिरा आली." घरी नेलं. वहिनींनी खिचडी केली होती. जेवण होईपर्यंत कामाचं बोलू दिलं नाही.

मग मी सांगितलं. पेपरचं सांगितलं. मन्मथच्या पेनड्राइव्हचं सांगितलं. सगळ्यात शेवटी डिसेंबरातली ती एक ओळ.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"मॅडम, तुम्हाला पडद्यावर बारीक अक्षरात दिसतं, किती जागा उरली. तिला काय होतं? तो आवाजच होता. तेवढाच."

मी रडले. त्यांना कळलं असणार. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "लॅपटॉप काढा आता."

मी टाइप करत होते, ते ऐकत होते. माझी स्क्रिप्ट — यंत्राला द्यायच्या आज्ञांची यादी — वाचायला लावली. यंत्र इतक्या वेगानं वाचत होतं की मला एक शब्द कळत नव्हता. ते मध्येच हात वर करायचे, "थांबा. इथं."

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"तुम्ही जुना छोटा कप्पा ओढून मोठा करायला बघताय. कशाला? तो कप्पा इमेजमध्ये पाठवूच नका. रिकामी जागा लातुरात बांधून निलंग्याला कशाला पाठवायची? निलंग्याच्या पेनड्राइव्हवर ती हायच की. पहिल्यांदा चालू होताना, बाकी काहीही उघडायच्या आधी, त्यानं बघायचं — आपल्यामागं किती मोकळी जागा हाय. तेवढ्याचा नवा कप्पा तिथंच करायचा. मग बाकीचं उघडायचं."

"आणि दुसऱ्यांदा चालू केल्यावर?"

"हां. ते महत्त्वाचं. कप्पा आधीच असेल तर हात लावायचा न्हाई. ही तपासणी विसरलात तर रोज सकाळी पोरांच्या वह्या कोऱ्या."

मी ती तपासणी तीनदा लिहिली, तीनदा वाचून घेतली.

आणखी एक गोष्ट त्यांनी शोधून दिली. कप्प्यांची यादी पेनड्राइव्हवर दोन ठिकाणी असते — एक सुरुवातीला, तिची नक्कल अगदी शेवटी. आपल्या इमेजचा शेवट पावणेचार जीबीला, म्हणून नक्कल तिथंच पडून राहते, आणि त्याच्यापुढं काही आहे हे यंत्राला कळतच नाही. नक्कल आधी खऱ्या शेवटाला न्यायची. मगच मोकळी जागा दिसते. मी दहा दिवस जिथं डोकं आपटत होते ती ही जागा.

चारच्या सुमाराला पहिल्यांदा आवाज आला — "तुमच्या फाइलींसाठी अठ्ठावीस जीबी जागा तयार आहे." इमेज तीन पूर्णांक सहा जीबी. आधीच्यापेक्षा लहान!

सर हसले नाहीत. म्हणाले, "बंद करा. पुन्हा लावा. धा वेळा."

दहा वेळा लावला. दहाही वेळा आत ठेवलेली फाइल होती.

निघताना म्हणाले, "जागेची सूचना पुन्हा चालू करा. आणि ह्या वेळेस ती धडा वाचणाऱ्या आवाजापासून वेगळी ठेवलीय. बाकी सगळं गप्प केलं तरी ती बोलणार. तुम्हालाही बंद करता येणार न्हाई."

१ फेब्रुवारी, लातूर

माणिकप्पाचा निलंग्याहून फोन. त्याच्या भावानं दुकानात फाइल उतरवून आणली. "मॅडम, चालू झालं. बारा जीबी म्हणून राहिलंय." त्याचा सोळाचा आहे. बरोबर! त्याला तीनदा बंद-चालू करायला लावलं. भाऊ मागून कन्नडमध्ये काहीतरी ओरडत होता. माणिकप्पा म्हणाला, "तो म्हणतोय, मॅडमला सांग झोपा आता."

शिल्पाचंही झालं, बिलोलीत.

मन्मथला नवा पेनड्राइव्ह दिला. तो म्हणाला, "आता भरायला काय तरी लिवावं लागंल."

राहिली तनुजा. ती फोन घेत नाही.

२ फेब्रुवारी

आज गेले. चाकूरला उतरून पुढं जीपनं.

तनुजाची आई, गुणाबाई, अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलाव. पोरगी बोलून न्हाई राहिली कुणाशी. तुमच्याशी तरी बोलंल." पाणी दिलं आणि सूप घेऊन मागच्या दारी गेल्या.

तनुजा आत खाटेवर. मी पेनड्राइव्ह तिच्या हातात दिला. सगळं सांगितलं — जागेचं, सरांचं, आणि ती ओळ मी बंद केली होती हेही. म्हणाले, "तुझा पेपर माझ्यामुळं गेला. आता जाणार नाही."

ती पेनड्राइव्ह बोटांत फिरवत राहिली.

"मॅडम, मी लिव्हलंच न्हाई."

मला वाटलं, आता बोर्डाचं म्हणतेय. लिहिणार नाही म्हणतेय.

"इतिहासाचा पेपर. मी लिव्हलाच नव्हता. एक ओळ लिवायची, पुसायची. यंत्र एकेक अक्षर बोलायचं न् पुढचं डोक्यातनं निघून जायचं. बाजूला मन्मथची बोटं, थांबतच न्हाईत. दोन तास झाल्यावर सगळंच पुसलं. मग बाईंना वाटावं लिवून राहिलीय म्हणून नुसती बटनं दाबत बसले."

मी म्हणाले, "पण जागा भरली होती. मी स्वतः बघितलं."

"आसंल की. सेव्ह करून बघितलं तर झालं न्हाई. पर आत काय नव्हतंच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पळत आलाव. माझी चूक, माझी चूक म्हणलाव. सगळ्यांसमोर. मला बोलूच दिलं न्हाई." मग हळू आवाजात, "अर्जात माझं नाव हाय. पेपरात माझा फोटो आला. नऊ जणांची परवानगी माझ्यावर हाय आन् मलाच एक पान लिवता येईना. काय सांगणार होते?"

ती तेव्हा रडली. मी जवळ घेतलं. खोटं कशाला लिहू — जवळ घेताना हात माझे जड झाले होते. सतरा दिवस. मन्मथच्या कविता. फरशीवर बसले होते ती दुपार.

थोड्या वेळानं म्हणाले, "टाइप करताना वाचणारा आवाज बंद ठेव. बोटांना सगळं पाठ आहे तुझ्या. प्रश्न पुरा झाला की एकदा ऐक." तिनं विचारलं, तसं चालतं का? मी चालतं म्हणाले. हे आजवर मला का सुचलं नव्हतं? प्रत्येक पोराच्या कानात मी तोच आवाज घातला, कुणाला सोसतो कुणाला नाही हे न विचारता.

निघताना तिनं विचारलं, "मॅडम, अधीक्षक सरांना सांगू का मी? पेपरचं?"

"परीक्षा होऊ दे आधी."

परतीच्या गाडीत उभं राहूनच आले.

३ फेब्रुवारी

राग येतोय. तिचा. मग माझा. मग पुन्हा तिचा.

४ फेब्रुवारी

तनुजा आली वसतिगृहात. गुणाबाई सोडायला आल्या होत्या. दुपारी एक उतारा तिला टाइप करायला दिला, आवाज बंद ठेवून. चाळीस ओळी. सात चुका. सातही तिनं नंतर ऐकून स्वतः काढल्या.

५ फेब्रुवारी

संस्थेची तीन माणसं आली. नऊ संगणक, नऊ मुलं. पेनड्राइव्ह लावले, चालू झाले, लिहिलं, बंद केले, पुन्हा लावले. नऊच्या नऊ फाइली जागेवर. त्यातल्या एकानं मुद्दाम मध्येच वीज घालवून बघितली. शेवटच्या दोन ओळी गेल्या, बाकी होतं.

परवानगी कायम.

हणमंतराव म्हणाले, "चांगलं केलं. पर खुलासा लागंलच."

रात्री जेवणाआधी खुलासा लिहिला. एक पान. जागा मर्यादित असल्याचे माहीत असूनही सूचना बंद केली, त्यामुळे विद्यार्थिनीचे उत्तर सुरक्षित राहू शकले नाही, जबाबदारी माझी. तनुजा काय म्हणाली ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर उद्या सकाळी संस्थेची माणसं म्हणाली असती, पोरीलाच येत नाही, द्या लेखनिक सगळ्यांना.

आणि सूचना बंद मी केलीच होती. ते काही खोटं नाही. कुणीतरी खरंच लिहिलेलं गेलंच असतं एक दिवस.

११ फेब्रुवारी

इंग्रजी. केंद्रावर मला आत सोडलं नाही. गेटबाहेर लिंबाखाली तीन तास. आठ पोरं हसत बाहेर आली. तनुजा शेवटी. मी काही विचारलं नाही. "साडेपाच पानं झाली," म्हणाली आणि मन्मथचा हात धरून पुढं गेली.

१५ मार्च

सगळे पेपर संपले. एकाही पोराची एकही फाइल गेली नाही. आनंदराज सरांना फोन केला. "धा वेळा लावून बघितलं होतं ना," म्हणाले.

मुलं सामान बांधून घरी गेली. सगळी भेटून गेली. तनुजा नाही. दयानंदराव गाडी घेऊन आले होते, ती सरळ जाऊन बसली.

मी वाट बघत होते. परीक्षा होऊ दे, असं मीच म्हणाले होते. झाली परीक्षा. आता तरी हणमंतराव सरांच्या खोलीत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं तिनं. मला नकोय काही. पण तिला वाटायला पाहिजे होतं.

३१ मार्च

माझा नोकरीचा करार वाढवला नाही. पत्रात "विद्यार्थिनीच्या शैक्षणिक नुकसानीस कारणीभूत" असं आहे. हणमंतरावांनी पत्र स्वतः आणून दिलं, नजर खाली. "वरचा निर्णय हाय, मॅडम."

कपाटाची किल्ली दिली. माझा कप घेऊन आले.

अब्बा म्हणाले, "तूने बोला क्यों नहीं?" सतरा वर्षांच्या पोरीला पुढं करून स्वतः सुटायचं? पण मग रोज सकाळी उठून तिच्याच फोनची वाट का बघते मी, ते मला कळत नाही.

१२ एप्रिल

दुकानात डाटा एंट्रीचं काम मिळालं. गंजगोलाईजवळ. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरते.

मे, तारीख आठवत नाही

निकाल लागला. नऊच्या नऊ पास. तनुजाला एकाहत्तर टक्के, सगळ्यांत जास्त. मन्मथचा फोन आला, शिल्पाचा आला, माणिकप्पाच्या भावाचासुद्धा आला.

तिचा नाही. काढून टाकायचं मनातून. बस.

९ जून

आनंदराज सरांचा फोन. वसतिगृहानं माझ्या जागी त्यांना परत बोलावलंय, आठवड्यातून दोन दिवस. आज जुन्या फाइली आवरत होते. माझ्या खुलाशाला टाचलेला एक जाड कागद बोटाला लागला. ब्रेल. त्यांनी फोनवरच वाचून दाखवला.

"अधीक्षक सरांस. पूर्वपरीक्षेचा पेपर मी लिहिलाच नव्हता. मॅडमची चूक नाही. हे त्यांना विचारून लिहीत नाही, त्यांनी परीक्षा होईपर्यंत थांब म्हटलं आहे. त्यांना काढू नका. मला बोलवा, मी सगळ्यांसमोर सांगते. — तनुजा दयानंद."

वरचा शाईचा शिक्का शिपायाला वाचायला लावला, म्हणाले सर.  आवक, सहा फेब्रुवारी.

हणमंतरावांना ब्रेल येत नाही. वाचून घ्यावं, असं कुणाला वाटलं नाही.

आणि तिला कुणीच बोलावलं नाही. चार महिने ती काय समजून बसली असेल? वाचून, कळून, तरीही मला काढलं, असंच ना?

सकाळची पहिली बस सहाला. चाकूर.